खालच्या कुंडाची निळी पायरी

सगुणा परटिणीवर कोणी विश्वास ठेवला नाही, आणि मी सांगते तेव्हा माझ्यावरही कोणी ठेवत नाही. खालच्या कुंडाच्या तिसऱ्या पायरीवर हा निळा पट्टा आहे बघा. पाहुणे म्हणतात, "काकू, शेवाळ असेल." शेवाळ हिरवं असतं, एवढं मलाही कळतं. बाटली पाण्यात बुडवू नका. आधी ऐका.

फार जुनी गोष्ट. गावात पटकी आली होती. सकाळी जुलाब लागलेला माणूस दिवस मावळायच्या आत जायचा, असं सांगतात. पहिली पडली सुभानराव पाटलाची आई. तेव्हा समजूत अशी, की आजाऱ्याची वाकळ, म्हणजे अंगावरची गोधडी, थंडगार पाण्यात बुडवून ठेवली की देवीचा कोप निवतो. आणि सगळ्यात थंड पाणी झऱ्याखालच्या वरच्या कुंडाचं. पाटलानं आईची वाकळ सगुणाकडे पाठवली.

"वर नाही बुडवायची," ती म्हणाली. "तेच पाणी खाली येतं, पाटील. अख्खं गाव पितं ते."

"धुणं धुणारीनं देवधर्म शिकवू नये," पाटील म्हणाला. गड्यांकडून वाकळ बुडवून घेतली, वर धोंडा ठेवायला लावला. मग काय, ज्याच्या घरी आजारी, तो वाकळ घेऊन वर.

आठ दिवसांत सतरा माणसं गेली. सतरावी सगुणाची लेक.

लेकीला माती देऊन सगुणा घरी गेलीच नाही म्हणे. कपड्यांना घालायची नीळ घेतली, वरच्या कुंडात सगळी पुरचुंडी सोडली आणि खाली येऊन या पायरीवर बसली. गाव जमलं. घटकाभरात खालचं पाणी निळं.

"माझी नीळ आली, तशीच वाकळीतली घाण येते," ती म्हणाली.

"विष कालवलं हिनं," पाटील म्हणाला. लोकांनी दगड उचलले. तेव्हा विष नाही हे दाखवायला सगुणा तेच पाणी ओंजळभर प्यायली. दुसऱ्या दिवशी पटकीनं गेली. गाव म्हणालं, तिचं विष तिलाच भोवलं. खांदा द्यायलाही कोणी आलं नाही.

पण परटीण मेली आणि मरणं काही थांबली नाहीत. आणखी नऊ गेली. नववा पाटलाचाच मुलगा. तेव्हा पाटलीण ठकूबाई उठली. एकटीनं धोंडे सारले, सगळ्या वाकळी ओढून काढल्या, माळावर नेऊन जाळल्या. गावाला थेट झऱ्याच्या तोंडाचं पाणी भरायला लावलं. पंधरा दिवसांत पटकी हटली. मग तिनं गावाला नेम घालून दिला: वर काही बुडवायचं नाही, आणि वर्षातून एकदा सगुणासारखी नीळ सोडून पाहायची.

आजही वरच्या कुंडात कोणी पायसुद्धा बुडवत नाही. कोरोनात वापरलेल्या मास्क-हातमोज्यांच्या पिशव्या झऱ्याच्या ओढ्यात ओतायला एक टेम्पो आला होता. आम्ही बायका चाकांपुढे बसलो, गेला परत. आजही चैत्रात परटाघरची बाई वर नीळ सोडते, गाव पायऱ्यांवर बसतं. पाणी निळं झालं की पहिली ओंजळ पाटलाच्या वंशातल्यानं प्यायची. वर्षभर जे वर टाकलं, ते त्याच्या पोटात. मग ती बाई विचारते, "पाणी कोणी नासवलं?"

उत्तर गावानं द्यायचं नाही. त्यानंच द्यायचं, गुडघाभर पाण्यात उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"सुभानरावानं."