कणकेने भरलेले हात

बरण्यांच्या कारखान्याचे मालक दिनकरराव राजाध्यक्ष भर बैठकीत गरजले, "आपल्या बरणीत खोट नाही! खप घटतोय, तर लेबल सोनेरी करा."

नव्याने आलेल्या डिझायनर मृण्मयीने त्यांच्यापुढे पिठाची परात ठेवली. "साहेब, जरा कणीक मळता?"

गंमत म्हणून ते मळू लागले.

"आता चिमूटभर मीठ घाला."

मीठ त्यांच्याच कारखान्याच्या बरणीत होतं. चिकट हातांनी झाकण काही फिरेना.

"अहो, असल्या हातांनी बरणी उघडतं कोण?" ते वैतागले.

"बरणी विकत घेणारी बाई."

मृण्मयीने पुठ्ठ्याचं नमुन्याचं झाकण बरणीवर बसवलं. दिनकररावांनी कोपराने दाबताच ते अलगद उघडलं. उभा जन्म बरण्या विकणारा तो माणूस थक्क होऊन ते पुन्हा पुन्हा उघडत राहिला.