चमचाभर औषध

इचलकरंजीच्या एका गल्लीत एक वृद्ध कारागीर लोखंडावर निकेलचा मुलामा चढवीत असत. शिवलिंगअप्पा त्यांचे नाव. अलीकडे त्यांच्या डोळ्यांपुढे धुके दाटू लागले होते, म्हणून निकेलच्या द्रावणाची टाकी त्यांनी आपल्या शिष्येच्या, रत्नमालेच्या हाती सोपवली होती.

एकदा पायांत बळ नसलेल्या मुलांच्या शिबिराचे काम आले. पायाला आधार देणाऱ्या पोलादी पट्ट्यांना मुलामा द्यायचा होता. शिबिरात या पट्ट्या प्रत्येक मुलाच्या पायाच्या वळणाप्रमाणे वाकवून बसवणार होते. रत्नमालेच्या मनात आले, आपण आठ वर्षे शिकलो, पण आपले काम आता अप्पांना दिसतच नाही. या पट्ट्या अशा लखलखीत करू की त्यांनाही दिसल्या पाहिजेत. मुलाम्याला चकाकी आणणारे औषध द्रावणात चमचा-चमचानेच घालायचे असते. तिने ते दुपटीहून जास्त ओतले.

पट्ट्या निघाल्या त्या नजर ठरणार नाही अशा. अप्पांनी एक पट्टी खिडकीच्या उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"दिसलं गं बाळ! किती महिन्यांनी दिसलं!"

रत्नमालेला भरून आले. पण लगेच अप्पांनी तीच पट्टी शिकंज्यात आवळली आणि सगळा जोर लावून वाकवली. कर्र आवाज झाला. मुलाम्याला भेगा गेल्या आणि वाकलेल्या जागी पातळ पापुद्रा उभा राहिला.

"अप्पा, हे काय केलंत! सगळ्यांत सुंदर पट्टी होती ती."

"म्हणूनच वाकवली. बोट लाव. जपून."

पापुद्र्याची धार तिच्या बोटाला लागली. ही धार एखाद्या लेकराच्या पोटरीला रोज घासली असती, हे ध्यानात येताच तिचा चेहरा उतरला.

"औषध किती घातलंस?" अप्पांनी शांतपणे विचारले.

"पुष्कळ," ती पुटपुटली. "तुम्हाला दिसावं म्हणून."

 अप्पा तिचा हात हातात घेऊन म्हणाले, "वेडी आहेस. ऐक. चकाकी त्या औषधाची नसते, निकेलचीच असते. औषध फक्त उंचवट्यांवर जाऊन बसतं आणि निकेलला सांगतं, इथं नको, खाली खाचेत जा. खाचा भरतात, पृष्ठभाग सपाट होतो, म्हणून तो चमकतो. प्रमाणात असलं तर औषध अशी वाट दाखवतं. अती झालं की तेच थरात शिरून बसतं. मग थर दिसतो देखणा, पण आतून ताणलेला, ठिसूळ. माझ्यावरची तुझी माया मोठी आहे, बाळ. पण या कामात ती वाट दाखवण्यापुरतीच हवी होती. ती थरातच शिरली, आणि ज्याच्या पायासाठी ही पट्टी आहे त्याचा तुला विसर पडला."

शिबिर चार दिवसांवर होते. दोघांनी गरम द्रावणात कोळशाची भुकटी कालवली, ती खाली बसू दिली आणि सारे द्रावण गाळून काढले. सगळेच औषध कोळशाने शोषून घेतले होते. त्यानंतर मुलामा देऊन काढलेला चाचणीचा पहिला तुकडा मात्र राखाडी, निस्तेज निघाला. रत्नमालेने प्रश्नार्थक नजरेने पाहिले.

"औषधाशिवायही भागत नाही," अप्पा हसून म्हणाले. "आता मोजून घाल."

तिने मोजून घातले. पट्ट्यांवरचा आधीचा थर उतरवला आणि नवा चढवला. चौथ्या दिवशी सकाळी तिने त्यांतली एक पट्टी स्वतःच शिकंज्यात धरून वाकवली. आवाज झाला नाही. वाकलेला भाग तिने अप्पांच्या हाती दिला. त्यांनी त्यावरून सावकाश अंगठा फिरवला, मान डोलावली आणि पट्टी तिच्यापुढे केली.

"आता तू बघ."

रत्नमालेने पट्टी घेतली, डोळे मिटले आणि त्या वळणावरून हळूच बोट फिरवले.