केतकीचा बांध

पूर्वी अपरांताच्या समुद्रकाठी समुद्रवर्मा नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व खाडीलगतच्या एका गावात, भात पिकवणाऱ्या कुळात जन्मले. त्यांचे नाव सोणक. गावाची शेते खाडीच्या पाण्याहून सखल होती आणि मध्ये होता फक्त मातीचा लांबलचक बांध. खारे पाणी एकदा आत शिरले की कित्येक पावसाळे तिथे भाताची काडी उगवत नाही. म्हणून प्रत्येक घराने आपल्या शेतापुढचा बांध राखावा, असा रिवाज होता. वादळात जो आपली जागा सोडील त्याचे शेत गावाचे होईल, हा नियमही वाडवडिलांनीच घातलेला. नियम कडक होता खरा, पण त्यामुळेच आजवर भिऊन कोणी पळाले नव्हते.

एका वर्षी भात पोटरीला आले असताना वादळ उठले, तेही नेमके अमावास्येचे उधाण गाठून. सकाळपासून सारा गाव बांधावर उभा. जो तो आपापल्या तुकड्यावर चिखल थापत होता, पेंढा दाबत होता. पार टोकाचा तुकडा केतकी नावाच्या विधवेचा. तिचा नवरा मागच्याच हंगामात समुद्राने नेला होता, घरात हाताखाली दुसरे कोणी नव्हते. खेकड्यांनी तिच्या बांधात बिळे पाडली होती आणि त्यांतून पाणी आत येऊ लागले होते. पदर खोचून ती एकटी बिळे बुजवत होती, आणि घातलेला चिखल लाटेसरशी वाहून जात होता.

तिने हाका मारल्या. सगळ्यांना त्या ऐकू गेल्या. पण ज्याने त्याने मान खाली घातली आणि आपलीच माती आणखी थापली. काय म्हणावे या माणसांना! वाईट नव्हती हो ती. तिथला बांध फुटला तर आपलेही शेत बुडणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होते. तरी जागा सोडायची कुणाची छाती होईना.

बोधिसत्त्वांनी कुदळ खांद्यावर टाकली. शेजारच्या तुकड्यावर गावाचे मुख्य भद्रसेन होते. त्यांनी विचारले, "सोणका, कुठे निघालास? शेत जाईल तुझं."

"जाईल, काका. ठाऊक आहे मला. पण ती बाई हाका मारतेय, आणि माझ्याच्याने इथे उभं राहवत नाही. माझ्या जागेकडे तेवढं बघा."

ते गेले. जिथे पाणी मुसंडी मारत होते तिथे पाठ लावून उभे राहिले, आणि केतकीने त्यांच्या आडोशाने बिळे भरली. इकडे त्यांची जागा राखायला भद्रसेनांना आपला तुकडा न सोडता थोडे सरकावे लागले. भद्रसेन सरकले म्हणून त्यांच्या पलीकडचा सरकला, आणि होता होता सगळी रांगच केतकीच्या बाजूला ढळली. बांधाचा कुठलाच भाग मोकळा राहिला नाही. संध्याकाळी ओहोटी लागली तेव्हा बांध उभा होता.

दुसऱ्या दिवशी गाव जमला. या खेपेपुरता नियम बाजूला ठेवू, असे भद्रसेनांनी सांगितले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

बोधिसत्त्व म्हणाले, "नको, काका. आज माझ्यासाठी मोडलात, तर उद्या पळून जाणाराही हेच मागेल. शेत गावाचं झालं. फक्त ते कुणा एकाला देऊ नका. बांधाला माती लागेल तेव्हा तिथून काढा, आणि जिथे बांध खचला असेल तिथे घाला. कुणाचा तुकडा ते बघू नका."

कापणी झाल्यावर त्या शेतात कुदळी पडल्या. पहिली बोधिसत्त्वांनीच मारली. पुढे ते दुसऱ्यांच्या शेतात राबून पोट भरत राहिले. गावाने मात्र बांधाची वाटणी पुन्हा कधी केली नाही.

ही कथा सांगून भगवान म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचे भद्रसेन म्हणजे आजचा आनंद. केतकी म्हणजे आजची भिक्खुणी उप्पलवण्णा. सोणक मीच होतो. आणि हाका ऐकून माना खाली घालणारे ते गावकरी तुम्हीच होता."

भिक्खूंनी माना खाली घातल्या. तेव्हा भगवान हळुवारपणे म्हणाले, "मागून सरकत आलेलेही तुम्हीच."

त्या जन्मी बोधिसत्त्वांनी बुद्धत्वाकडे नेणारी जी पारमिता पूर्ण केली, ती मैत्री, म्हणजे सर्वांविषयीची माया.