पाखरं न फिरकलेलं शेत

फार फार वर्षं झाली या गोष्टीला. डोंगरांच्या पायथ्याशी एक राज्य होतं. तिथली ज्वारी अशी गोड, की भाकरीला कालवण लागत नसे.

तिथल्या राजाला एकदा वाटलं, आपला गड चंद्रासारखा पांढरा दिसावा. चुना हवा, म्हणून भट्ट्या पेटल्या. भट्ट्यांना लाकूड हवं, म्हणून डोंगरावरची झाडं तुटली. गड पांढरा झाला, मग वेशी पांढऱ्या झाल्या, मग रस्त्याकडेचे दगडसुद्धा. वीस वर्षं भट्ट्या विझल्या नाहीत. डोंगर बोडके झाले आणि थंडीच्या दिवसांतही गरम वारा वाहू लागला.

धुरपा नावाची एक म्हातारी डोंगरउतारावरचं गवत कापून राजाच्या घोड्यांना पुरवायची. मऊ मारवेल गवत दरवर्षी कमी होताना तिला दिसत होतं. त्याच्या जागी नुसती टोचरी कुसळी माजली होती. एके दिवशी तिने मारवेलीचे उरलेसुरले तुरे हातावर चोळून पाहिले. आत बी नव्हतं.

ती तशीच पाटलांकडे गेली. "पाटील, गवताला दाणा धरत नाही. ही धग त्याला सोसवेना. भट्ट्या थांबवा म्हणून महाराजांना सांगा."

पाटील हसले. "घोडी दुसरं काही खातील, धुरपाबाई. आपण काय गवत खातो?"

"ज्वारी म्हणजे गवतच की, पाटील. आज एक बहीण आजारी आहे, उद्या दुसरी पडेल."

पाटलांनी ते महाराजांच्या कानावर घातलं नाही. मर्जीविरुद्ध कोण बोलणार?

त्या वर्षी ज्वारी पुरुषभर उंच वाढली. फुलोऱ्याच्या दिवसांत आठवडाभर गरम वारा घोंगावला, पण ताटं हिरवीगार उभी राहिली. नवल म्हणजे पाखरं आलीच नाहीत. राखणीला बसलेले लोक गोफणी बाजूला ठेवून गप्पा मारू लागले. "यंदा देवाची कृपा आहे," असं जो तो म्हणे. धुरपा मात्र रिकाम्या आभाळाकडे बघायची.

तिथली रीत अशी, की हुरड्याचं पहिलं कणीस महाराजांनी खायचं. तोवर कुणी कणसाला हात लावायचा नाही. ठरल्या दिवशी महाराज आले. गाव नटूनथटून शेतात जमलं. पाटलांनी कणीस निखाऱ्यांत भाजलं, तळहातावर चोळलं आणि वरचं भूस उडवायला फुंकर मारली.

तळहातावर काहीच उरलं नाही.

पाटलांनी दुसरं कणीस घेतलं, मग तिसरं. दहा कणसं चोळली, तरी हाती नुसतं भूसच. मग सगळा गाव शेतात धावला. जो तो कणसं मोडत होता, चोळत होता, पुढच्या ताटाकडे जात होता. एक बाई चोळता चोळता मटकन खाली बसली. तिच्या ओटीत नुसतं भूस होतं, आणि ती त्यातून बोटं फिरवतच राहिली.

महाराजांचा चेहरा पांढराफटक पडला. "इतकं हिरवं शेत," ते कसेबसे म्हणाले, "आणि एक दाणा नाही?"

"फुलातच करपलं, महाराज," धुरपा म्हणाली. "तुमच्या भट्ट्यांच्या धगीनं."

पाटलांनी मान खाली घातली. "हिने मला आधीच सांगितलं होतं. मी गप्प बसलो."

त्याच दुपारी भट्ट्या विझवल्या. पण तापलेली हवा हुकमाने निवत नाही. डोंगरावर रोपं लावली, तीही एका वर्षात वाढत नाहीत. कोठारं रिती झाली. लोक रानात आपोआप उगवणाऱ्या बरबड्याचं बी वेचून, शिजवून खाऊ लागले. कितीतरी म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं तेवढ्यावर तगली नाहीत. महाराज पुढे बारा वर्षं जगले, पण आपल्या राज्यातलं भरलेलं कणीस त्यांना पुन्हा बघायला मिळालं नाही.

तात्पर्य: पायाखालचं गवत दाणा धरेनासं झालं, की ताटातल्या भाकरीची काळजी त्याच दिवशी करावी.