कोवळी रोपं

फार वर्षांपूर्वी नदीतल्या एका बेटावर शेळ्यांचा कळप राहत असे. चारा दरवर्षी कमी होत होता. एकदा काजळी नावाची शेळी कोवळ्या रोपांच्या वाटेत आडवी उभी राहिली.

"जुनी झाडं वठत चालली आहेत. यंदा अर्धपोटी राहू, पण ही रोपं वाढू द्या."

"तुझं काय जातंय सांगायला?" ठिपकी चिडून म्हणाली. "मी खाल्लं नाही, तर माझ्या करडांना दूध कुठून येणार?"

सगळा कळप ठिपकीच्या बाजूने ओरडला. काजळीने करडांकडे पाहिलं आणि ती वाटेतून बाजूला झाली.

काही वर्षांत बेट उजाड झालं. ठिपकीला पुन्हा दोन करडं झाली, पण दूध उतरलंच नाही. दोन्ही गेली.

"तेव्हा तू हटलीस कशाला गं?" ठिपकी रडत म्हणाली.

काजळी तिची मान चाटत राहिली. "तुझी पिल्लं खरंच भुकेली होती गं," ती म्हणाली.