उतू न गेलेलं दूध

एका गावात घर विकायची एक साधी रीत होती. कागद नाही, शिक्का नाही. भाव ठरला, विसार दिला, की विकत घेणाऱ्याच्या घरची बाई दुधाचं पातेलं घेऊन यायची आणि विकणाऱ्याच्या चुलीवर ठेवायची. शेजारीपाजारी भोवती उभे राहायचे. दूध उतू जाऊन विस्तवावर सांडलं, की घर त्या बाईचं झालं. विकणाऱ्याने किल्ली द्यायची, घेणाऱ्याने साखर वाटायची. पिढ्यान् पिढ्या हे असंच चाललं होतं आणि कुणी कुणाला फसवलं नव्हतं. तिथली माणसं फार सज्जन होती असं समजू नका. त्यांना अजून कुणी मोह दाखवला नव्हता, एवढंच.

या गावात एक कासार राहत होता. तो, त्याची बायको आणि म्हातारे वडील. गावातल्या प्रत्येक नवरीचा चुडा कासारणीने भरलेला, पण तिचं स्वतःचं घर नव्हतं. भाड्याच्या एका खोलीत तिघांचा संसार. म्हातारा अंथरुणाला खिळला आणि एक दिवस खोलीचा मालक दारात येऊन उभा राहिला.

"कासारभाऊ, म्हाताऱ्याचं काही खरं दिसत नाही," तो म्हणाला.

"वैद्यबुवा म्हणतात, महिना-दोन महिने काढतील."

"तेच म्हणतोय मी. त्याआधी खोली सोडा. घरात माणूस गेलं की घराचा भाव पडतो. राग मानू नका हं."

आता या बोलण्याचा राग मानायचा नाही तर कशाचा मानायचा? पण भाडेकरूला राग कुठे परवडतो?

म्हाताऱ्याने आतून सगळं ऐकलं होतं. त्याने मुलाला जवळ बोलावलं.

"मला औषध नको, पाणी नको," तो म्हणाला. "एवढंच कर. परक्याच्या दारातून मला बाहेर काढू नकोस. जाईन तर आपल्या उंबरठ्यावरून."

कासारणीने अंगावरचं सोनं मोडलं. कासाराने साठवलेलं सगळं बाहेर काढलं. बाजारपेठेजवळ सावळाराम नावाच्या माणसाचं दोन खणांचं घर विकायचं होतं. सावळारामला वरच्या आळीत मोठ्या अंगणाचं घर घ्यायचं होतं, म्हणून तो हे विकत होता. भाव ठरला. विसार दिला. सावळारामने कासाराच्या हातावर हात ठेवून शब्द दिला.

"घर तुझं झालं असं समज. बाबांना माझ्या माजघरात झोपव. तिथे वारा चांगला येतो."

त्याच सुमारास गावात एक दलाल आला होता. कडक इस्त्रीचं धोतर, कानात अत्तराचा फाया, बोलणं साखरेत घोळलेलं. दर बाजाराच्या दिवशी तो पारावर बसायचा आणि मापटंभर धान्य घेऊन ज्याला त्याला त्याच्या घराचा भाव सांगायचा. आधी कुणी विचारत नव्हतं. मग दलालाने एकाला सांगितलं, "तुमच्या घराचा भाव वाढलाय." दुसऱ्या बाजाराला पारावर रांग लागली.

भिंती त्याच, गळकी कौलं तीच, माळ्यावरच्या घुशीही त्याच. तरी माणसं पारावरून परतायची ती छाती फुगवून. काही न करता आपण श्रीमंत झालो, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. फुकटची श्रीमंती माणसाला फार लवकर पटते.

दुधाचा दिवस उजाडला. कासारीण नवं लुगडं नेसली. म्हाताऱ्याला बाजेवर घालून चौघांनी उचलून आणलं आणि सावळारामच्या अंगणात ठेवलं, म्हणजे त्याला दारातून चूल दिसेल. शेजारी जमले. कासारणीने चूल पेटवली आणि पातेलं ठेवलं.

दूध तापलं. कडेला साय धरली. मग हळूहळू फेस वर चढू लागला. म्हातारा कोपरावर उठून बसला होता.

तेवढ्यात दलाल घाईघाईने आत आला. तो सावळारामच्या कानाशी लागला, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलला.

"पाणवठ्याजवळचं घर आत्ताच दुपटीने गेलं. माझ्या साडूनेच घेतलं. आणि तुम्ही हे जुन्या भावात देताय?"

सावळारामने दलालाकडे बघितलं. मग पातेल्याकडे बघितलं. फेस काठाला टेकला होता. त्याने खांद्यावरचं उपरणं ओढलं, दोन्ही हातांत धरलं आणि पातेलं चुलीवरून खाली उतरवलं.

फेस खाली बसला.

असं कधी झालंच नव्हतं. दूध उतरवू नये असा नियमही नव्हता, कारण कुणी उतरवेल असं आजवर कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

"दूध उतू गेलेलं नाही," सावळाराम म्हणाला. "म्हणजे घर अजून माझंच आहे."

"सावळारामदादा," कासारीण म्हणाली, "पातेलं परत चुलीवर ठेवा."

"दुप्पट देता? ठेवतो."

"तुम्ही शब्द दिला होता!"

"भाव जुना होता तेव्हाचा शब्द आहे तो."

सावळारामची बायको पुढे आली. तिच्या मुलीचा चुडा याच कासारणीने भरला होता. "अहो, असं करू नका," ती हळूच म्हणाली. "म्हातारा अंगणात बसलाय."

"व्यवहारात म्हातारे आणू नकोस," सावळारामने तिला झापलं. त्याने विसाराचे पैसे आणून कासाराच्या हातावर ठेवले आणि चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाला, "घे. एक पैसासुद्धा कापला नाही."

आणि भोवतीचे शेजारी? ते काय करत होते? कुणी सावळारामचा हात धरला? कुणी दलालाला घराबाहेर घालवलं? नाव नको. प्रत्येक जण मनातल्या मनात आपल्या घराचा भाव दुप्पट करत होता. संध्याकाळी तेच लोक म्हणत होते, "काही म्हणा, सावळाराम माणूस चोख आहे. विसार पूर्ण परत केला."

दुसऱ्याच दिवशी सावळाराम वरच्या आळीतल्या मोठ्या घराच्या मालकाकडे गेला. तिथे त्याचं स्वागत झालं, पाणी मिळालं, पानसुपारी मिळाली आणि मग मालक म्हणाला, "आमचा भाव आता तिप्पट."

"तिप्पट? आपलं ठरलं होतं ना?" सावळाराम ओरडला. "शब्द म्हणजे काही आहे की नाही?"

"तुमच्या घराचा भाव वाढला तो खरा, आणि माझ्याच घराने काय पाप केलं?" मालक सुपारी कातरत म्हणाला. "शिवाय कालच तुम्ही सगळ्यांना शिकवलंत, की दूध उतू जाईपर्यंत घर आपलंच असतं."

सावळाराम हात हलवत परत आला. पण त्याला शहाणपण आलं नाही. दुप्पट मिळून भागत नाही, तर आपण चौपट मागू, असं त्याने ठरवलं.

इकडे खोलीच्या मालकाने कासाराचं सामान रस्त्यावर काढलं. कासाराने भाड्याची बैलगाडी आणली. त्यात बांगड्यांच्या पेट्या ठेवल्या, मध्ये वडिलांना झोपवलं आणि दारोदार फिरू लागला. गावात रिकामी घरं ढीगभर होती. भाडेकरू काढून घर रिकामं ठेवलं तर जास्त भाव येतो, असं दलालाने सांगितल्यापासून जो तो कुलपं आणत होता. कासार प्रत्येक कुलपाच्या मालकाला हात जोडत होता.

"महिनाभरासाठी द्या. दुप्पट भाडं देतो."

"देऊ की," उत्तर यायचं, "पण म्हाताऱ्याला दुसरीकडे ठेवा. घरात काही झालं तर भाव पडेल."

आणि शेवटी जे व्हायचं ते झालं. भर दुपारी, भर बाजारपेठेत, दोन्ही बाजूंना कुलूपबंद घरं असताना, म्हातारा गाडीतच गेला.

गर्दी जमली. गावाला हळहळायला वेळ होता. "फार भला माणूस होता," कुणी म्हणालं. "शेवटी सुटला," कुणी म्हणालं. कासारीण गाडीवरून उतरली. आजवर तिने या गावात आवाज चढवला नव्हता.

"हळहळू नका!" ती म्हणाली. "तुमच्या हळहळीने माझ्या सासऱ्याला छप्पर मिळालं नाही. मोजा, किती कुलपं दिसतात ती. आत कोण राहतं? उंदीर राहतात. उंदरांनी तुमचे भाव पडत नाहीत, माणसाने पडतात!"

कुणी वर बघेना. गाडी सावळारामच्या दारासमोरच उभी होती आणि तो ओट्यावर होता. ती त्याच्याकडे वळली.

"दादा, तुमचं माजघर मागत नाही. घटकाभर दार उघडा. बाबांना आत घेते, अंघोळ घालते आणि तुमच्या उंबरठ्यावरून नेते. त्यांना एवढंच हवं होतं. घटकेचा काय भाव असेल तो सांगा. देते मी."

सावळारामला आणखी एक संधी मिळाली होती. दार त्याचं होतं, हात त्याचे होते आणि मागायला आलेली बाई एक घटका मागत होती. पण त्याने काय केलं? त्याने आधी गर्दीत दलाल कुठे उभा आहे ते शोधलं.

दलालाने मान हलवली. "प्रेत आत गेलं की भाव निम्म्यावर," तो म्हणाला.

सावळाराम आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. आतून कडी लावल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

थोड्या वेळाने मागच्या दाराने त्याची बायको बाहेर आली. तिच्या कडेवर गरम पाण्याची घागर होती. तिने आणि कासारणीने मिळून म्हाताऱ्याला रस्त्यावरच, गाडीच्या आडोशाला, अंघोळ घातली. मग त्याला गाडीवरूनच स्मशानात नेलं. तिसऱ्या दिवशी राख सावडून कासार आणि कासारीण गाव सोडून गेले. सावळारामची बायको त्यानंतर लेकीकडे गेली ती परत आली नाही.

यानंतर त्या गावात एकाही चुलीवर दूध उतू गेलं नाही. गिऱ्हाईक यायचं, भाव ठरायचा, फेस वर चढायचा आणि विकणारा पातेलं उतरवायचा. थोडं थांबू, आणखी वाढेल. एकही घर विकलं जात नव्हतं आणि दर बाजाराला भाव मात्र वाढत होता. कुणाला यात काही चुकीचं वाटलं नाही. ज्याने पोट भरतंय ते स्वप्न कोण मोडणार?

कासारामागून न्हावी गेला. मग शिंपी गेला, मग लोहार गेला. हे सगळे भाड्याने राहत होते आणि वाढलेलं भाडं त्यांना झेपत नव्हतं. मग वैद्यबुवाही कंटाळून निघाले. आठवड्याचा बाजार पलीकडच्या गावी भरू लागला. बाहेरून घर घ्यायला आलेली माणसं बंद दुकानं बघायची, बंद दारं बघायची आणि विचारायची, "इथे राहायचं कुणाच्या सोबतीने?" मग ती आल्या पावली परत जायची.

सावळाराम चौपटीवरून दुपटीवर आला. दुपटीवरून जुन्या भावावर आला. मग जुन्या भावाच्या निम्म्यावर आला. पण चुलीवर दूध ठेवायला कुणी येईना.

एका सकाळी त्याला दलाल गाठोडं बांधताना दिसला. पारावर आता कुणी भाव विचारायला येत नव्हतं.

"थांब," सावळारामने त्याची वाट अडवली. "पाणवठ्याजवळचं घर घेणारा तुझा साडू कुठे राहतो? त्या घराला अजून कुलूप आहे."

"घेतलं नाही त्याने. घ्यायचं म्हणत होता."

"म्हणजे तो दुप्पट भाव खोटा होता?"

"त्या दिवशी खोटा होता. नंतर तुम्ही सगळ्यांनी मिळून खरा केलात."

सावळाराम संतापाने लालबुंद झाला. "चांडाळा! तू मला बुडवलंस, माझा संसार मोडलास. त्या म्हाताऱ्याचे तळतळाट तुला लागतील!"

दलालाने गाठोड्याची गाठ घट्ट केली, ते खांद्यावर टाकलं आणि शांतपणे म्हणाला, "सावळारामशेठ, मी लबाड आहेच. पण मी फक्त भाव सांगितला. पातेलं तुम्ही उतरवलंत."

तो पुढच्या गावाला निघून गेला. सावळाराम पारापाशी तसाच उभा राहिला. त्याला जोरात ओरडून उत्तर द्यायचं होतं. पण ऐकायला आळीत कुणी उरलंच नव्हतं.

तात्पर्य, ज्यांची घरं आहेत त्यांनी नीट ऐकावं: भाव बाजार वाढवत असेल, पण दिलेला शब्द आपण स्वतःच्या हाताने मोडतो, आणि त्या पापाचा हिशेब कुठल्याही दलालाच्या नावावर टाकता येत नाही.