सागाच्या पानाची परीक्षा

माणसांनी रानांना नावं देण्यापूर्वी एका रानात चितळांचा कळप राहत होता. दर पानगळीत सगळे श्वास रोखून उभे राहत. म्हातारा नायक तोंडातलं सागाचं वाळकं पान खाली सोडी. ज्याने कान टवकारले, त्याचे कान उत्तम ठरत.

टिपकी ही चितळीण दर वेळी उत्तम ठरे. तरी ती म्हणाली, "नायकबाबा, पान मला ऐकू येतं. पण धबधब्यापाशी वानराने बिबट्याची वर्दी दिली, तर पाण्याच्या गोंगाटात ती मला कळत नाही. पाडसाला घेऊन मी तळ्यावर जाऊ का?"

"कान शाबूत आहेत की! लक्ष कुठे असतं तुझं?"

"नखरे, दुसरं काय," एक मावशी फिस्कारली. "आम्हाला बरं कळतं!"

टिपकी मुकाट्याने कळपाबरोबर धबधब्यावर गेली. वानर ओरडलं. सगळे पळाले. ती कळपाकडे पाठ करून पाडसाला चाटत राहिली. बिबट्याने तिच्यासमोरून पाडस उचललं.

दुसऱ्या सकाळी नायकाने तिला मधोमध उभं करून पान सोडलं. टिपकीचे कान हलले.

"बघा," नायक समाधानाने म्हणाला, "कानांत काही दोष नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि कळप पाणी प्यायला धबधब्याकडे निघाला.